ग्राहकाचा राउटर होस्टवरच ठेवावा की त्याला स्वतंत्र व्हीएम द्यावी?

प्रश्न कुडाळहून आलाय, थोडक्यात असा: चार सर्व्हरवर (म्हणजे होस्टवर) केव्हीएमचा छोटा क्लाउड उभा केलाय; केव्हीएम म्हणजे एका होस्टवर अनेक व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम, चालवणारी लिनक्समधली सोय. पस्तीसेक ग्राहक आहेत. त्यात पतसंस्था, दोन रुग्णालयं, काजूचे कारखाने, एक कॉलेज आणि घरपोच हापूस विकणारी एक वेबसाइट. आजवर सगळे एकाच फायरवॉलमागे होते. आता जो तो स्वतःचा राउटर, स्वतःचे फायरवॉलचे नियम, व्हीपीएन (बाहेरून आत यायची कूटबद्ध वाट) आणि लोड बॅलन्सर (येणारा भार अनेक मशीनांत वाटणारा) मागतोय. या सेवा प्रत्येकासाठी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवाव्यात का, आणि तसं केलं तर वेग मार खाईल का?

वेगाचं आधी मिटवू, कारण पत्रातला निम्मा मजकूर त्याच काळजीचा आहे. तुमची बाहेरची लाइन १ जीबीपीएसची. ती पूर्ण आकाराच्या, म्हणजे १५०० बाइटच्या पॅकेटांनी ठासून भरली तरी सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट होतात. व्हर्टिओ (व्हीएमसाठीच बनवलेलं व्हर्च्युअल नेटवर्क) कार्ड लावलेली, दोन कोअरची साधी लिनक्स व्हीएम एवढं काम हसतखेळत करते. ज्यांच्याकडे १० जीबीपीएसची लाइन आहे आणि ६४ बाइटच्या बारीक पॅकेटांचा पाऊस पडतो, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेट येतात, एका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद मिळतात, आणि मग डीपीडीके (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बाजूला ठेवून पॅकेट हाताळणारं सॉफ्टवेअर) नाहीतर एसआर-आयओव्ही (एक नेटवर्क कार्ड अनेक व्हीएमना थेट वाटून देणारी सोय) यांच्या दारात जावं लागतं. तुम्ही जाऊ नका. एसआर-आयओव्हीमध्ये पॅकेट होस्टच्या व्हर्च्युअल स्विचला वळसा घालून थेट व्हीएममध्ये शिरतं, म्हणजे त्या स्विचवर लावलेले सुरक्षेचे नियम कोरडेच राहतात आणि चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणंही कटकटीचं होतं. कुडाळात बसून ही दुखणी विकत घ्यायचं कारण नाही.

खरा प्रश्न आहे तो एकाचं बिघडलं तर किती जणांचं बिघडतं, हा. व्हीएमचे पैसे आपण त्याच्यासाठी मोजतो.

माझं उदाहरण सांगतो. मी रत्नागिरीत परतलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी आमच्याकडेही तुमच्यासारखीच मांडणी होती: एक लिनक्स फायरवॉल, मागे सगळे. एका ग्राहकाच्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये काहीतरी शिरलं आणि तो जगभरच्या पत्त्यांवर जोडण्या उघडत सुटला. लिनक्स प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतं. २ जीबी मेमरीच्या मशीनवर त्या तक्त्याची मर्यादा स्वतःहून ६५,५३६ ठरते, आणि चालू टीसीपी जोडणीची नोंद काहीच हालचाल नसली तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल पाच दिवस राहते. तक्ता भरला. गंमत अशी की जुन्या जोडण्या मजेत चालू राहिल्या, फक्त नव्या उघडेनात. पतसंस्थेच्या काउंटरवर जो आधीपासून लॉगिन होता त्याचं काम चाललं होतं आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना लॉगिनच होत नव्हतं. दीड तास आम्ही त्यांचा कॉम्प्युटर तपासत बसलो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही ओळ शेकड्याने पडलेली होती, पण बघितली कोणी!

यावर पहिला उपाय कोणीही सुचवेल तो नेमस्पेसचा. एकाच होस्टवर, एकाच कर्नलमध्ये, प्रत्येक ग्राहकाला वेगळा राउटिंग टेबल (कोणतं पॅकेट कुठे धाडायचं याचा तक्ता), वेगळे इंटरफेस, वेगळे नियम. ओपनस्टॅक हे क्लाउड चालवणारं सॉफ्टवेअर; त्यातला नेटवर्क सांभाळणारा भाग, न्यूट्रॉन, पारंपरिक मांडणीत राउटर आणि डीएचसीपी (मशीनांना पत्ते वाटणारी सेवा) असेच चालवतो. स्वस्त आहे: शंभर नेमस्पेस केल्या तरी मेमरी फारशी हलत नाही आणि उघडायला क्षणही लागत नाही. जोडण्यांची मोजणीही प्रत्येक नेमस्पेसची वेगळी होते, त्यामुळे वरचा प्रकार जसाच्या तसा घडणार नाही. पण ती मोजणी ज्या हॅश टेबलात बसते तो टेबल सगळ्यांचा एकच, पॅकेट उचलणारे कोअर तेच, आणि कर्नल कोसळला तर सगळेच एकदम आडवे. आगरात पाटाचं पाणी पाळीपाळीने घेतात ना, तसं आहे हे. प्रत्येकाची पाळी ठरलेली आणि प्रत्येकाच्या आळ्याला बांधही घातलेला, पण पाट वर कुठे फुटला तर खालच्या सगळ्यांच्या पोफळी सुकतात. व्हीएम म्हणजे स्वतःची विहीर आणि स्वतःचा पंप. वेगळा कर्नल, वेगळी मेमरी, वेगळा तक्ता.

इथे एक पाचर आहे ती सांगून ठेवतो. व्हीएमला दोन कोअर दिले म्हणजे तिचा सगळा भार दोन कोअरमध्ये मावला असं होत नाही. पॅकेट आत-बाहेर वाहून नेण्याचं काम होस्टच्या कर्नलमधले धागे करतात आणि व्हीएमच्या कोअरवर लावलेली मर्यादा त्यांना आपोआप लागू होत नाही. तो रेकॉर्डर उद्या परत पिसाळला तर व्हीएम शंभर टक्क्यांवर अडकेल, पण होस्टचा तिसरा-चौथा कोअरही खाऊन टाकेल. म्हणून मर्यादा व्हर्च्युअल पोर्टवरच घाला, बँडविड्थची आणि जमलं तर सेकंदाला किती पॅकेट याचीही. आणि सेवेच्या व्हीएममध्ये ‘टॉप’ लावून ‘एसटी’चा रकाना बघायची सवय ठेवा. आपली व्हीएम तयार असूनही होस्टने तिला कोअर दिला नाही असा वेळ त्यात दिसतो. तो चढू लागला की ग्राहक ‘नेट स्लो आहे’ म्हणून फोन करतो आणि आपण लाइनवाल्यांना शिव्या घालतो.

मग सगळंच व्हीएममध्ये घालायचं का? माझं मत, नाही. जिथे ग्राहकाचा हात पोचतो किंवा त्याची गुपितं राहतात ती सेवा व्हीएममध्ये. फायरवॉलचे नियम ग्राहक स्वतः बदलणार, व्हीपीएनची किल्ली त्याची, लोड बॅलन्सरवरचं टीएलएसचं (कूटबद्ध जोडणीचं) प्रमाणपत्र त्याचं. याला गडगा पाहिजेच. उलट डीएचसीपी, आतलं डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि एकाच ग्राहकाच्या दोन नेटवर्कमधलं साधं राउटिंग यात ग्राहक काही लिहीत नाही, आपणच लिहितो. ते होस्टवर नेमस्पेसमध्ये राहू द्या. डीएचसीपीसाठी पस्तीस व्हीएम पोसणं म्हणजे प्रत्येक आंब्याला वेगळी पेटी.

मोठ्यांनीही काहीशी अशीच वाटणी केलीय. ओपनस्टॅकच्या पारंपरिक मांडणीत राउटर नेमस्पेसमध्ये, पण लोड बॅलन्सर देणारं ऑक्टेव्हिया प्रत्येक लोड बॅलन्सरला ‘अँफोरा’ नावाची स्वतंत्र व्हीएम उभी करतं आणि आत एचएप्रॉक्सी हे भार वाटणारं सॉफ्टवेअर चालवतं. क्लाउडस्टॅक या दुसऱ्या क्लाउड सॉफ्टवेअरने मात्र उलटा रस्ता धरला. त्यांचा व्हर्च्युअल राउटर ही एकच डेबियन लिनक्सची व्हीएम असते आणि डीएचसीपी, डीएनएस, नॅट (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणं), व्हीपीएन, लोड बॅलन्सर सगळं तिच्याच डोक्यावर. समजायला सोपं, पण ती एक पडली की गेटवेबरोबर नावं आणि पत्तेही जातात. मी दोन्ही चालवलेत. चार सर्व्हरवर दोघातिघांची टीम असेल तर क्लाउडस्टॅकचा सोपेपणा खरंच मोलाचा आहे, हेही कबूल करतो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत आणि जिथे खरी भीती आहे तिकडे वळतो: या व्हीएमशी तुम्ही स्वतः बोलणार कसे?

तुमच्या पस्तीसपैकी निम्म्या ग्राहकांचं आतलं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, म्हणजे खाजगी पत्त्यांचा तोच नेहमीचा पट्टा, असणार. मल्टि-टेनंट, म्हणजे अनेक ग्राहक एकत्र नांदणाऱ्या, क्लाउडचा मुद्दाच हा की ते तसं असू शकतं. पण मग ‘१९२.१६८.१.१ वरच्या फायरवॉलला हा नियम दे’ असं तुमचा कंट्रोलर (सगळ्या व्हीएमना हुकूम देणारं सॉफ्टवेअर) कोणत्या १९२.१६८.१.१ ला सांगणार? म्हणून प्रत्येक सेवेच्या व्हीएमला दुसरं कार्ड द्यावं लागतं, व्यवस्थापनाच्या नेटवर्कचं. आणि त्या क्षणी एक पाय ग्राहकाच्या घरात आणि दुसरा तुमच्या माजघरात, अशा पस्तीस व्हीएम तयार होतात. त्यातली एक जरी फुटली तर चोर थेट माजघरात.

एका ठिकाणी मला तपासणीला बोलावलं होतं. तिथे प्रत्येक ग्राहकाच्या राउटर-व्हीएममध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू होतं, अर्थात, राउटरच तो. पण व्यवस्थापनाचं कार्डही त्याच राउटिंग टेबलात होतं. ग्राहकाच्या मशीनवर मी हाताने एक रूट लिहिला, व्यवस्थापनाच्या पत्त्यांसाठी गेटवे म्हणून त्याचाच राउटर दिला, आणि कंट्रोलरचं लॉगिनचं पान माझ्यासमोर उघडलं. कुठलंही हॅकिंग नाही. खोलीत कोणी काही बोललं नाही.

तेव्हा आत जाऊन दोन्ही बाजू तोडा. व्हीएमच्या आतही नेमस्पेस करता येते. अँफोरा हेच करते: ग्राहकाची वाहतूक आतल्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये आणि व्यवस्थापनाचं कार्ड बाहेर, दोघांचे राउटिंग टेबल वेगळे. व्यवस्थापनाच्या नेटवर्कवर एका सेवा-व्हीएमला दुसरी दिसताच कामा नये, फक्त कंट्रोलर दिसावा आणि तोही मोजक्या पोर्टवर. ऑक्टेव्हियात कंट्रोलर अँफोराशी ९४४३ वर दोन्हीकडच्या प्रमाणपत्रांसकट बोलतो आणि अँफोरा आपली खुशाली ५५५५ या यूडीपी पोर्टवर पाठवते, बस. केव्हीएमवर क्लाउडस्टॅक याहून कंजूष आहे. तिथे नियंत्रणाचा पत्ता १६९.२५४ च्या पट्ट्यातला असतो, तो ज्या होस्टवर व्हीएम आहे तिथूनच पोचतो आणि एसएसएच (दुरून लॉगिन) ३९२२ पोर्टवर. व्यवस्थापनासाठी पत्ते निवडताना १०.०.०.० किंवा १९२.१६८ घेऊ नका, कधी ना कधी ग्राहकाशी टक्कर होतेच. मी १००.६४.०.०/१० यातला तुकडा वापरतो. तो पट्टा २०१२ मध्ये सेवा पुरवणाऱ्यांसाठीच राखून ठेवला गेला. मात्र तुमच्या लाइनवाल्याने बाहेरच्या बाजूला तोच वापरलेला नाही ना, एवढं आधी बघा.

आणि एखादा ग्राहक म्हणाला की मला माझ्या पसंतीच्या कंपनीची फायरवॉल-व्हीएम आणायचीय, रूट पासवर्ड माझ्याकडे राहील, तर खुशाल आणू द्या, पण तिला तुमच्या व्यवस्थापनाचं कार्ड अजिबात देऊ नका. चाव्या त्याच्या, जबाबदारी त्याची. दोघांच्या चाव्या असलेली व्हीएम कोणाचीच नसते.

जोडीने चालवण्याबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण आपल्याकडच्या पावसात तो एका ओळीचा विषय नाही.

जोडी म्हणजे दोन व्हीएम, त्यांच्यात व्हीआरआरपी (सामायिक पत्ता कोणाकडे हे ठरवणारा प्रोटोकॉल), एक मालक आणि एक राखीव. मालक दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणून ओरडतो. तीनेक सेकंद आवाज आला नाही की राखीव व्हीएम पत्ता स्वतःकडे घेते. कीपअलाइव्हडी हा प्रोग्राम वापरून हे अर्ध्या तासात जमतं आणि क्लाउडमध्ये चालत नाही! कारण क्लाउडचा स्विच प्रत्येक पोर्टवर ठरलेला मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) आणि ठरलेला आयपी सोडून काही बाहेर जाऊ देत नाही, आणि तसं असणं बरोबरच आहे. राखीव व्हीएमने नवा पत्ता घेतला की स्विचच्या नजरेत ती तोतया ठरते. त्या पोर्टवर जोडीचा सामायिक पत्ता ‘चालेल’ म्हणून नोंदवा. वैतागून पोर्टची सुरक्षाच बंद करणारे मी पुष्कळ पाहिलेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. शिवाय व्हीआरआरपीचे संदेश आयपीच्या ११२ क्रमांकाच्या प्रोटोकॉलवर आणि २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर जातात. तो रस्ता बंद असला तर दोघंही स्वतःला मालक समजतात आणि नेट दर काही सेकंदांनी येतं-जातं. व्हीआरआरपीच्या गटांचे, म्हणजे जोड्यांचे, क्रमांकही एका नेटवर्कवर २५५ च. पस्तीस जोड्या एकाच बाहेरच्या नेटवर्कवर बोलणार असतील तर प्रत्येकीला वेगळा क्रमांक द्या, नमुन्याच्या फाइलीतला ५१ सगळीकडे चिकटवू नका.

आता आमचा फजितीचा किस्सा. जून महिना, रात्री लाइट गेली, जनरेटरने तोंड फिरवलं, यूपीएस संपला. पहाटे वीज आल्यावर चारपैकी एकच सर्व्हर आधी उठला. जोडीतल्या दोन व्हीएम वेगवेगळ्या होस्टवर ठेवायचा नियम आम्ही लावलेला होता, पण मऊ: जमलं तर वेगळ्या, नाही तर एकत्र. एकच होस्ट जागा होता, त्यामुळे सगळ्या जोड्या तिथेच उठल्या. बाकीचे तीन होस्ट नंतर आले, पण आधीच बसलेल्यांना कोणी उठवून हलवत नाही. वरवर सगळं हिरवं. आठवडाभराने त्याच होस्टचं नेटवर्क कार्ड गेलं आणि मालक व राखीव हातात हात घालून गेले. तेव्हापासून नियम कडक ठेवतो. दुसरा होस्ट नसेल तर राखीव व्हीएम उठूच नये. ती बंद दिसली तर निदान कळतं तरी. आणि रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक जोडी कुठे बसलीय ते तपासून मेल टाकते.

त्याच पहाटे दुसरी गोष्ट कळली, ती याहून लाजिरवाणी. आमचं घरून आत शिरायचं व्हीपीएन त्याच क्लाउडमधल्या एका व्हीएममध्ये होतं, आणि सर्व्हरांची नावं सांगणारं डीएनएसही. क्लाउड उठवायला आत जायचं, तर आत जायची वाट क्लाउड उठल्यावरच उघडणार. पेटीची किल्ली पेटीतच. मुसळधार पावसात स्कूटरवर कुवारबावपर्यंत जाऊन कन्सोलला कीबोर्ड लावला. तुमचं स्वतःचं व्हीपीएन, डीएनएस आणि वेळेचा सर्व्हर क्लाउडच्या बाहेर ठेवा, जुनापाना छोटा डबा चालेल. आणि उठण्याचा क्रम लिहून ठेवा: आधी स्टोरेज, मग सेवांच्या व्हीएम, मग ग्राहकांच्या. नाहीतर ग्राहकाची व्हीएम आधी उठते, तिला गेटवे सापडत नाही, आणि आतला प्रोग्राम एकदा हरला की परत प्रयत्नच करत नाही.

एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, दुखणं तुम्हाला होणारच आहे, म्हणून पटकन सांगतो. ग्राहक वेगळे ठेवायला व्हीएक्सलॅन (प्रत्येकाची पॅकेटं वेगळ्या आवरणात गुंडाळणारी पद्धत) वापराल. व्हीलॅन या जुन्या पद्धतीचे ४०९४ क्रमांक तुम्हाला पुरतीलही, पण बहुतेक सॉफ्टवेअर आता व्हीएक्सलॅनच धरून चालतं. त्याचं आवरण ५० बाइटचं. खालचं नेटवर्क १५०० चं असेल तर आत १४५० च उरतात. एका रुग्णालयाची तक्रार होती की पिंग चालतं, लॉगिनचं पान उघडतं, पण एक्स-रेची फाइल चढवली की अडकते. मोठं पॅकेट मावत नव्हतं, आणि ‘मावत नाही’ हे सांगणारा आयसीएमपी निरोप कोणीतरी ‘सुरक्षेसाठी’ फायरवॉलवर अडवला होता. जमलं तर स्विच आणि होस्टवर एमटीयू ९००० करा. नाहीतर राउटर-व्हीएममध्ये टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) १४१० वर आवळा, व्हीपीएन असेल तिथे त्याहून खाली.

राहिला पोसण्याचा खर्च. पस्तीस ग्राहक, जोडीने म्हणजे सत्तर लिनक्स मशीन. त्यांना कर्नलचे पॅच कोण लावणार? एकेकीत शिरून अपडेट चालवायचं ठरवलंत तर दोन महिन्यांत सत्तर प्रकारच्या व्हीएम होतील. त्यापेक्षा आत काहीच मोलाचं ठेवू नका. सगळी रचना बाहेर डेटाबेसात किंवा गिटमध्ये, एकच इमेज, आणि पॅच म्हणजे नव्या इमेजवरून राखीव व्हीएम नव्याने उभी करायची, भार तिच्याकडे वळवायचा, मग जुनी फेकायची. ऑक्टेव्हिया वापरलंत तर अँफोराच्या प्रमाणपत्राची मुदत मुळात ३० दिवसांची असते. ती बदलणारी हाउसकीपिंग सेवा बंद पडली तर काही आठवडे काही जाणवत नाही आणि नंतर कंट्रोलर एकाही अँफोराला ओळखत नाही. तिच्यावर नजर ठेवा. डिस्क भरून मरणाऱ्या व्हीएम तर मी मोजणंच सोडलंय. लॉग व्हीएममध्ये साठवू नका, बाहेर पाठवा.

ते लॉग पाठवणं ऐच्छिकही नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश क्लाउड देणाऱ्यांना लागू आहेत: लॉग १८० दिवस ठेवायचे, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. सार्वजनिक पत्ता एक आणि त्यामागे नॅट करून पाच ग्राहक असतील, तर अमुक वाजता अमुक पोर्टवर कोण होतं हे सांगता आलं पाहिजे. थांबवून परत चालू केलेल्या व्हीएमचं घड्याळ मागे पडलेलं असतं, तेव्हा प्रत्येकीत क्रोनी (घड्याळ जुळवत राहणारं सॉफ्टवेअर) हवंच.

सगळ्या पस्तीस जणांना एकदम हलवू नका. पहिल्यांदा दोन रुग्णालयं आणि पतसंस्था, त्यांना जोडी द्या. आंब्याच्या वेबसाइटला लोड बॅलन्सरची व्हीएम द्या, तीही मार्चच्या आत, सीझन सुरू झाल्यावर हात लावायचा नाही. काजूवाल्यांना आणि कॉलेजला तूर्त नेमस्पेस पुष्कळ झाली. मागितली तर व्हीएम द्या आणि तिचे पैसे वेगळे लावा, बऱ्याच जणांची मागणी तिथेच थांबते.

आणि मृग लागायच्या आधी, मेमधल्या एखाद्या रविवारी, ग्राहकांना सांगून एका होस्टची केबल खरंच उपटा. स्क्रीनवरून बंद करू नका, मागे जाऊन केबल काढा. पतसंस्थेच्या काउंटरवर एकाला बसवून त्याचा स्क्रीन किती सेकंद थिजतो ते घड्याळावर मोजा. चार-पाच सेकंदांच्या वर गेला तर कीपअलाइव्हडीची फाइल मला पाठवा, पासवर्डची ओळ काढून.